पाळीचा कूड आणि मायची टोपली

आता काय सांगू तुम्हाला! भलं करायला गेलो आणि भर गावात माझंच नाक कापलं गेलं. हसू नका, आधी ऐका तरी.

इंग्रजांच्या राज्यातली गोष्ट. देवरीकडचं आमचं गाव, वरच्या अंगाला गावच्या जमीनदारांचं, मालगुजारांचं, तळं आणि तळ्याच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, लागूनच माझं धान. पावसाळ्यात वारा सुटला की लाटा पाळीची माती खात. एका जागी तर इतकी खाल्ली होती, की पाळ फुटली असती तर पहिलं पाणी माझ्याच बांधीत, धानाच्या खाचरात! गावात सांगावं तर जो तो म्हणे, "पाहू नं, बाप्पा." काय पाहू? धान वाहून जाताना?

शेवटी मीच कंबर कसली. काठालगतच्या पाण्यात बांबूचे खुंट ठोकले, त्यांत निरगुडीच्या हिरव्या फांद्या विणल्या आणि लांबलचक कूड उभा केला. लाटा कुडावर आपटून थंड! माती जागच्या जागी. मी खूश.

पण आमच्याकडचा रिवाज असा, की उन्हाळ्यात पाणी उतरलं म्हणजे सगळ्या गावाने मिळून मासे धरायचे आणि वाटून घ्यायचे. तोवर तळ्यात कोणी हात घालायचा नाही. आणि फांद्यांच्या आडोशाला मासे गोळा होतात, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही.

शेजारच्या सोमाजीच्या मात्र आलं. "काऊन गा गोविंदा, मासे कोंडून राहिला का?"

"मासे कायले कोंडू? पाळ वाचवून राहिलो!"

"पाळ वाचवते म्हणे! मंग आत हे काय वळवळून राहिलं?"

वाकून पाहतो तर काय, कूड आणि पाळ यांच्या मधे मासेच मासे!

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की गोविंदा गाडी भरभरून मासे गोंदियाला पाठवतो. अहो, माझ्याकडे गाडी होतीच कुठे? सकाळी अख्खं गाव पाळीवर हजर, खुद्द मालगुजारसुद्धा. "उपटा तो कूड!" असा एकच गलका. कूड उपटला की माझं धान गेलंच!

माझं डोकं फिरलं. तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि गरजलो, "मालक, या तळ्याचा एक मासा जरी माह्या घरी शिजला असंन, तर माहा हिस्सा गावाले!"

तेवढ्यात गर्दीतून माझी माय आली. कमरेवर ओली टोपली.

"कायले ओरडून राहिला रे? मंग रोज काय खाऊन राहिला तू?"

"माय, ते तर बाजारातले..."

"बाजारात कोण गेलं होतं? तुह्याच कुडातून काढून राहिली मी! मले वाटलं, पोरानं मायसाठीच केलं. कालचा रस्सा तर बोटं चाटून खाल्ला!"

सोमाजी तर हसता हसता खालीच बसला. मालगुजारांनी कसंबसं हसू आवरलं. "कूड राहू द्या. पाळ टिकली पाह्यजे. हिस्सा त्यानं आपल्या तोंडानं सोडला. अन् कुडाची राखण आता गोविंदाच करंल."

केली! सगळा पावसाळा काठी घेऊन पाळीवर बसलो. राखण कोणापासून? माझ्या सख्ख्या मायपासून! पाळ वाचली, धान वाचलं. पण संध्याकाळी जेवायला बसलो की माय ताटात अंबाडीची भाजी आदळायची आणि म्हणायची, "खा, राखणदारसाहेब!"