बोंडातल्या अळीचे सेकंद

मला फक्त माझ्या मोठ्या भावाला पटवायचं होतं. संक्रांत होऊन गेली तरी आमच्या वावरात कपाशीची पऱ्हाटी उभीच. तिला परत पाणी द्यायचं, आणखी एक वेचा काढायचा, याला आमच्या संग्रामपूरकडे फरदड म्हणतात. आणि बोंडअळी पोसायचा याहून सोपा उपाय नाही! अळीला मारणारी बीटी कपाशी आली तेव्हा अळीचं नावही विसरलो होतो सगळे. आता तीच अळी बीटीच्या बोंडात निवांत सरकी खात बसलेली. मी म्हणायची, उपट, नाहीतर पुढचंही पीक गेलं. आणि पुढचं पीक गेलं तर वावरच सोडतो, असं तो स्वतः म्हणून बसला होता.

"बोंडं तं चांगली दिसून राह्यली वं," त्याचं एकच.

बरं, फोडून बघ म्हणावं तर तेही नाही. हिरवं बोंड आपल्या हातानं फोडायचं नसतं, हे आमच्या घरात चालत आलेलं. अस्सा संताप यायचा!

मी तेव्हा पुण्यात आवाजाच्या अभ्यासात होते. सुट्टीत येताना चिकटवायचा बारका माइक आणला, झाडावरच्याच बोंडाला लावून आवाज घेतला आणि घरी येऊन लॅपटॉपवर भावाला स्पेक्ट्रोग्राम दाखवला. स्पेक्ट्रोग्राम म्हणजे आवाजाचं चित्र. डावीकडून उजवीकडे वेळ सरकते, आणि अळीनं चावा घेतला की एक उभी पिवळी रेघ उमटते.

त्यानं रेघा पाहिल्याच नाहीत. खालच्या आकड्यांवर बोट ठेवलं. "हे चार हजार काय व्हय? अळ्या?"

"अळ्या नाहीत रे भाऊ. मी लिहिलेल्या कोडनं, प्रोग्रामनं, आवाजाचे बारीक तुकडे केलेत, त्यांचे नंबर आहेत ते."

"मंग एकरी किती धराचे?"

घ्या! मी कपाळावर हात मारला. पण त्याचं तरी काय चुकलं? बियाण्यापासून फवारणीपर्यंत जो आकडा त्याला कोणी सांगितला, तो एकरीच.

त्याच्यासमोरच कोडची ओळ बदलली. एकेक तुकडा किती नमुने, म्हणजे आवाजाची किती मोजमापं, पुढे सरकतो, त्या आकड्यानं तुकड्याच्या नंबराला गुणलं. माइक सेकंदाला किती नमुने घेतो, त्या आकड्यानं भागलं. चार हजारांच्या जागी साधे सेकंद आले. मग आवाज लावला.

तो मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ऐकू लागला. कट्. थोडं थांबून परत कट्. प्रत्येक वेळी रेघ तिच्या सेकंदावर हजर.

"थांबूनच नाही राह्यली वं हे," तो म्हणाला. मी जिंकले होते, आणि मला जराही बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळी पऱ्हाटी उपटून जाळली. मी लॅपटॉप घेऊन शेजारच्या वावरातल्या चाचांकडे गेले. त्यांनी चहा पाजला, मन लावून ऐकलं. "बात तो सही है बेटी. पर मैं अकेला उपाडके क्या होता? आगेवाले का तो खडाच है." आगेवाल्यानंही तेच सांगितलं. ऐकून माना सगळ्यांनी हलवल्या. उपटली कोणीच नाही.

पावसाळ्यात भावानं पुन्हा कपाशी लावली. फुलं धरली तेव्हा त्याचा फोन आला. फुलं उमलतच नव्हती, पाकळ्या एकमेकींना चिकटून आत अळी. बांधापलीकडून अळीची पाखरं, तिचे पतंग, आली होती. पाखराला कुठला आलाय बांध!

"येऊ का? परत आवाज घेऊ?" मी विचारलं. दुसरं काय विचारणार? मला तेवढंच येत होतं.

"काऊन? आता मले समजते न."

त्यानंतर त्यानं पेरलंच नाही. जिनिंगात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हमालीला जातो, दुसऱ्यांचा कापूस उचलतो. मध्ये एकदा मी विचारलं, वावरात काय आहे सध्या?

"काहीच नाही," तो म्हणाला. "अळी बी नाही."