धाकलीच्या ओळी

धाकली मावशी कुठल्याही लग्नात पोचली की सगळ्यात आधी डीजेवाल्याकडे जायची. त्याला पाण्याचा तांब्या द्यायची, त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करायची आणि मग मायेने म्हणायची, "आता जरा बंद कर बाबा. माजं झालं का मंग तुजं." एकदा बंद झालेला डीजे ती उठेपर्यंत पुन्हा वाजायचा नाही. हळदीतला खर्च, दारू आणि डीजे यांच्याविरुद्ध मी पनवेलजवळच्या विचुंब्यापासून उलव्यापर्यंत पत्रकं वाटली आहेत. त्यामुळे एखादा डीजे बंद पडल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

ती धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात हळदीपासून धवले गाणारी बाई ती धवलारीण. कुणाची नवरी, कुठल्या गावचा नवरा, कुणी मांडव घातला, हे सगळं ती गाण्यात घालते, आणि तिने गायल्याशिवाय जुन्या माणसांना लग्न लागल्यासारखं वाटत नाही. मावशीची आई धवलारीण होती, तिची जुळी बहीणही. ती बहीण काही क्षण आधी जन्मली म्हणून थोरली, ही धाकली. नात्याने त्या आमच्या कुणीच नव्हत्या, पण विचुंब्यात धाकलीचं घर आमच्या घराला लागून होतं, त्यामुळे दोघी माझ्या मावश्या झाल्या.

माझे वडील जमिनीच्या मोबदल्याच्या आंदोलनात. घरात पुस्तकं कमी, पत्रकांचे गठ्ठे फार. 'बंधू-भगिनींनो' या शब्दावर मी वाचायला शिकले. पुढे मीही तशीच लिहायला लागले, प्रत्येक वाक्याच्या शेवटी मूठ आवळून. मावशी माझी पत्रकं एकेक अक्षर लावून वाचायची. एकदा वाचून झाल्यावर तिने कागद नीट घडी करून परत दिला. "बरोबर लिवलंस," ती म्हणाली. "पन बाय, वाचताना कोनतरी अंगावर धावून येतंय असं वाटतं. मानूस आधी दार लावून घेतंय, मंग ऐकतंय काय?" मी चिडले होते. ती हसून आत गेली आणि माझ्यासाठी बोंबील तळायला घेतले.

दोघी बहिणींचं वैर पनवेलच्या आसपास सगळ्यांना माहीत होतं. थोरली हॉलमधल्या लग्नांना जायची. हॉलवाले घाई करतात, व्हिडिओवाला घाई करतो, म्हणून ती धवला कापून गायची. धाकली एक ओळ सोडायची नाही. जेवणं थंड झाली तरी चालतील. थोरली म्हणायची, "तिच्या गान्यात नवरी म्हातारी होते." धाकली म्हणायची, "तिच्या गान्यात नवरा मांडवात पोचायच्या आत पोरं होतात." पण खरा आरोप वेगळाच होता. दोघी एकमेकींना ओळीचोर म्हणायच्या.

त्याचं कारण त्यांच्या आईची शिकवण. तिने दोघींना समोरासमोर बसवून धवले शिकवले होते. पहिली ओळ थोरलीने घ्यायची, दुसरी धाकलीने, तिसरी पुन्हा थोरलीने. एकीने दुसरीच्या ओळीत तोंड घातलं की आईचा चिमटा बसायचा. लहानपणी या दोघी लग्नात अशाच आळीपाळीने गायच्या आणि ऐकायला बाहेरगावचे लोक यायचे. पुढे वेगळ्या झाल्यावर दोघींनाही सगळ्या ओळी गाव्या लागल्या. म्हणजे प्रत्येकीच्या धवल्यात अर्ध्या ओळी दुसरीच्या. "ती माज्या ओळींवर पोट भरते," असं दोघीही सांगायच्या, अगदी त्याच शब्दांत.

मला त्यांची गोष्ट नीट कळली ती एका परक्या गोष्टीमुळे. एका प्रकाशकाने मला इंग्रजी कादंबरी अनुवादाला दिली होती. जुन्या काळची अमेरिका, घोडे, गुरं, बंदुका, आणि बापाच्या जमिनीवरून भांडणाऱ्या दोन जुळ्या बहिणी. शेवटी दोघींनाही प्रेम सापडतं. असली कामं करणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं, पण करत होते. दुपारी मावशी सुकट निवडायला ओटीवर बसली की मी तिला झालेला भाग वाचून दाखवायचे. तिने पहिल्याच दिवशी हरकत घेतली.

"दोघींनी त्याच घोडेवाल्यावर जीव टाकायचा? त्या मुलखात बाप्यांचा दुष्काळ हाय का?"

"एकीला पुढे दुसरा मिळतो, मावशी."

"मिळाला तर बरं. आनि त्या दोघी एकमेकींशी कवा बोलतात?"

"शेवटच्या प्रकरणात."

"एवढा उशीर कशाला?" ती म्हणाली आणि बराच वेळ सुकटीतले खडे शोधत राहिली.

शेवटचं प्रकरण वाचलं त्या दिवशी तिने विचारलं, "लग्नात गायलं कोन?" मी म्हटलं, तिकडे गात नाहीत, पाद्री पुस्तकातून वाचतो. "मंग ते लगीन कसलं," ती म्हणाली. आणि त्याच सुरात, सूप खाली न ठेवता, पुढे म्हणाली, "मी लगीन करते हाय. मंडपवाल्या तात्याशी."

मावशी तरुणपणीच विधवा झालेली. मूलबाळ नाही. मंडपवाले तात्या उलव्याचे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दोघं लग्नांच्या निमित्ताने सतत एकाच मांडवात. तात्यांचं प्रेम मी आधीच पाहिलं होतं, फक्त ते प्रेम आहे हे मला कळलं नव्हतं. कुठल्याही मांडवात पहिला पंखा ते मावशी बसेल त्या कोपऱ्यात लावायचे. वऱ्हाडी घामाने निथळायचे, नवऱ्याचा बाप ओरडायचा, पण तो पंखा हलायचा नाही. मी तिला म्हटलं, "तुला कसं कळलं?" ती म्हणाली, "मे महिन्यात मना थंडी वाजाय लागली, तवा."

मला आनंद झाला आणि लगेच माझ्यातलं पत्रक जागं झालं. रजिस्टर लग्न, हार, भाषण, विधवाविवाहाचा ठराव. मावशीने सगळं ऐकून घेतलं. "रजिस्टर कर, सही करेन," ती म्हणाली. "पन मना धवला पायजे."

अडचण तिथेच होती. आमच्याकडे विधवेच्या लग्नाला लग्न म्हणत नाहीत, पाट म्हणतात. तो गुपचूप लावायचा, आणि पाटाला धवला नसतो. मावशीचं पहिलं लग्न झालं तेव्हा ती इतकी लहान होती की त्यातलं गाणंही तिला आठवत नव्हतं. त्यानंतरचं सगळं आयुष्य तिने दुसऱ्यांच्या पोरींची नावं गाण्यात घातली. आता एकदा तिचं नाव कुणीतरी घालावं, एवढंच तिला हवं होतं. आणि धवला पुरता येणारी तिच्याशिवाय एकच बाई उरली होती.

नारळ आणि तांदूळ घेऊन मी पळस्प्याला गेले. गोव्याचा रस्ता फुटतो त्याच्या मागच्या अंगाला थोरलीचं घर. तिने नारळाला हात लावला नाही.

"पाटाला धवला नसतो. आमची आयस गायली नसती."

मी वाद घातला. रूढी, अन्याय, बाईचा हक्क, सगळं काढलं. थोरली भाकरी थापत राहिली. मग तिने परातीतून मान वर केली. "माज्या लग्नाला ती गायली काय?"

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. थोरलीने आपल्या मनाने लग्न केलं होतं, घाटावरच्या टेम्पो ड्रायव्हरशी. तो पळस्प्याला चहाला थांबायचा आणि तिच्यासाठी साताऱ्याचे कंदी पेढे आणायचा. आई म्हणाली, परजातीच्या लग्नात आमचं गाणं होणार नाही. धाकली आईच्या शब्दाबाहेर गेली नाही. थोरली धवल्याशिवायच सासरी गेली; पुढे दोघांनी पळस्प्यालाच घर केलं. जमीन नाही, दागिना नाही, दोघींमधला दावा हा होता.

घरी येऊन मी एक पत्रक लिहायला घेतलं. त्यात थोरलीचं नाव होतं. मावशीने ते माझ्या हातातून काढून घेतलं. "नाव छापलंस तर तिला मागं फिरता यायचं नाय," ती म्हणाली. "आनि ती खोटं काय बोलली? मी नाय गायले."

दुसऱ्या दिवशी तिने हिरवं लुगडं नेसलं आणि मला रिक्षा आणायला सांगितली. पळस्प्याला थोरलीच्या नवऱ्याने दार उघडलं. आता ते म्हातारे, बनियनवर, कपाळावर चष्मा. धाकली खुर्चीवर बसली नाही. जमिनीवर बसली आणि म्हणाली, "भावजी, समोर बसा. हातातला पेपर ठेवा."

आत स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. धाकलीने डोळे मिटले आणि गायला लागली. हळदीचा धवला. पण तिने सुरुवात दुसऱ्या ओळीपासून केली. ती ओळ संपवून ती थांबली. हायवेवरून एक ट्रक गेला. तिसऱ्या ओळीइतका वेळ ती गप्प बसली आणि मग चौथी म्हटली. पुन्हा थांबली. भावजी माझ्याकडे बघत होते, बाई आजारी आहे की काय अशा नजरेने.

"तिसरी कुठं गेली?" आतून आवाज आला.

"ती तुजी," धाकली म्हणाली.

आतली भांडी थांबली. थोरली बाहेर आली, दोन्ही हात तांदळाच्या पिठाने भरलेले. ती बहिणीसमोर बसली. पिठाचे हात मांडीवर उताणे ठेवले आणि पहिल्या ओळीपासून गायला लागली. धाकलीने दुसरी घेतली. पुढे नवरीचं नाव यायची जागा धाकलीच्या ओळीत होती. तिथे तिने थोरलीचं नाव घातलं, पुढे भावजींचं, त्यांच्या घाटावरच्या गावाचं. मग थोरलीची पाळी आली आणि थोरलीला ओळ येईना. धाकली घाई न करता वाट बघत बसली. भावजींनी कपाळावरचा चष्मा काढून पुसायला घेतला. त्यांना आमची बोली धड कळत नव्हती, पण आपलं लग्न लागतंय एवढं कळलं होतं.

धवला पुरा व्हायला वेळ लागला. संपल्यावर थोरली म्हणाली, "आवाज गेला तुजा."

"तुजा होता कवा?"

"कधी हाय पाट?"

"पाट नाय. लगीन."

"तेच. कधी?"

लग्न उलव्याला झालं, तात्यांच्या स्वतःच्या मांडवात. सही सकाळीच झाली होती. संध्याकाळी थोरली आली, नवरीजवळ बसली. गावातल्या एका वडीलधाऱ्याने पाटाला धवला नसतो हे पुन्हा ऐकवलं. थोरलीने त्यांच्याकडे न बघता पदर सारखा केला. "आयसनी मना शिकवलं, तुमाला नाय," ती म्हणाली आणि पहिली ओळ उचलली. एकही ओळ कापली नाही. पण धाकलीच्या ओळींपाशी ती थांबायची आणि मुंडावळ्या बांधलेली नवरी आपल्या ओळी आपणच म्हणायची. फक्त नवरीच्या नावाची ओळ थोरलीने तिला म्हणू दिली नाही; ती स्वतः घेतली आणि तिच्यात धाकलीचं नाव घातलं. बायकांना हसावं की डोळे पुसावेत कळेना. माझं भाषण तयार होतं. ते मी केलं नाही, आणि त्या मांडवात त्याची कुणाला उणीव भासली असंही मला वाटलं नाही.

मावशी उलव्याला काही वर्षं सुखाने राहिली. आजूबाजूला इमारती उठत होत्या, धूळ उडत होती आणि ती तात्यांच्या दारात बसून कुणाच्या मांडवात कोण वाईट गायलं याची खबर ठेवायची. बहुतेक वेळा ती थोरलीच असायची. गेल्या वर्षी मावशी गेली, दोन दिवसांच्या आजारात. मी लिहिते ती पत्रकं अजून तिखट असतात, तो माझा स्वभाव आहे. पण ज्याच्यावर लिहायचं त्याच्या दारात आधी जाऊन बसते. कधीकधी तिथेच काम होतं आणि पत्रक लिहावं लागत नाही. हे मला कुठल्या चळवळीने दिलं नाही. हे मला शेजारच्या ओटीवर, मावशी सुकट निवडत असताना मिळालं, आणि त्याचे आभार मानायचे राहून गेले, म्हणून हे लिहिते आहे.

मावशीच्या तेराव्यानंतर काही दिवसांनी उलव्याची एक तरुण बाई थोरलीकडे आली. अपघातात नवरा गेलेला, पदरात मुलगी, आता पुन्हा लग्न ठरलेलं. दारातच उभी राहून तिने विचारलं, माझ्या पाटाला धवला गाल काय? थोरलीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पाट नाय, लगीन बोल," ती म्हणाली. मग मला फोन केला. "तिच्या ओळी तुना ऐकून ऐकून येतात ना? चल."

त्या मांडवात मी थोरलीसमोर बसले. तिने पहिली ओळ म्हटली आणि थांबली. सगळे बघत होते. मी दुसरी ओळ घेतली, घाबरत, जरा वरच्या सुरात.

"चढवू नको एवढं," थोरली हळूच म्हणाली. "ती चढवायची."

मी सूर खाली घेतला. पुढच्या ओळीला तिने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि म्हणाली, "चढव."