घशाखाली न उतरलेली वाइन

वाइनचा थेंबही पोटात जाऊ न देता वाइनची पारख करणारा माणूस अख्ख्या बंगळुरात एकच होता, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. पन्नासच्या दशकात मामा कँटोन्मेंटातल्या एका क्लबात बटलर होते. मामींच्या वडिलांनी दारूपायी घर धुळीला मिळवलेलं, म्हणून लग्नातच मामांनी मामींना शब्द दिला होता की दारू घशाखाली उतरणार नाही. शब्द घशापुरता होता, जिभेचं काही ठरलं नव्हतं. मामा घोट तोंडात घेत, गाल फुगवून, डोळे मिटून घोळवत आणि परसात जाऊन कढीलिंबाच्या बुंध्याशी थुंकून येत. त्या झाडाचा पाला मामींनी कधी आमटीत घातला नाही.

क्लबातला हेड बटलर निवृत्त होणार होता. त्या जागेची मामांनी वीस वर्षं वाट पाहिली होती. सेक्रेटरी म्हणाले, "फ्रेंच पाहुणे येताहेत, त्यांची पांढरी वाइन त्यांनी आधीच पाठवलीय. तिला शोभेल असा पदार्थ शोध, जागा तुझी." मामा हट्टाला पेटले. रजा काढून दोन बाटल्या मल्लेश्वरमच्या घरी आणल्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. "फार गार नको, वास मुका होतो," असं मामींना बजावलं. वाइन दोन जातींच्या द्राक्षांची होती. "एक आंबट, भांडखोर. दुसरं मऊ, मधाळ. एकेकटं कुणी टिकायचं नाही, मिसळली की संसार होतो," असं म्हणताना ते मामींकडे बघत. मामी रोज एक पदार्थ करून बघत. डाळ-चिंचेच्या मसालेदार बिसीबेळे भातापुढे वाइनचं पाणी झालं. कोंबडीच्या रश्श्याने जीभच कामातून गेली. उरलेले पदार्थ संपवायला मी नवा जावई होतोच. सहाव्या दिवशी मामींनी केळीच्या पानात मासा वाफवला: ओलं खोबरं, आलं, स्वल्प लिंबू, मिरचीचं नाव नाही. मामांनी घास खाल्ला, घोट घेतला, बराच वेळ गाल फुगवून बसले, परसात जाऊन आले आणि म्हणाले, "सापडलं."

क्लबात दुपारच्या जेवणाला पाहुण्यांनी तो मासा दोनदा मागून घेतला. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने खूश होऊन स्वतः पेला भरला आणि मामांपुढे धरला. मामांनी हात जोडले. सेक्रेटरी हळूच म्हणाले, "पी की एक घोट. पाहुण्याचा मान राखता येत नाही, तो हेड बटलर कसला?" मामांनी पेला घेतला आणि तसाच टेबलावर ठेवला. जागा दुसऱ्याला मिळाली.

संध्याकाळी त्यांनी सगळं सांगितलं तेव्हा मी तिथेच होतो. मला त्यांचा राग आला, कीवही आली. मामी म्हणाल्या, "एक घोट गिळला असतात, तर मला थोडंच कळणार होतं?"

"नसतंच कळलं," मामा पगडी उतरवत म्हणाले. "म्हणून तर नाही गिळला."

मामी आत गेल्या. जन्मभर मामांच्या मागून जेवलेल्या त्या बाईने त्या दिवशी दोन पानं शेजारी शेजारी मांडली, आणि ती त्यांच्याबरोबर जेवायला बसली.