मातीत पुरलेलं धोतर

धारूरला आमच्या शेजारी राधाकिशन तात्या राहतात. त्यांच्या दोरीवर जुनी धोतरं वाळत असतात, पण ती नेसायची नसतात. फाडून, चौकोनी तुकडे करून लोकांच्या रानात पुरायची असतात.

तात्यांनी पंचवीस वर्षं रोपवाटिकेत रोजंदारी केली. तिथल्या एका साहेबांनी त्यांना ही परीक्षा शिकवली. सुती कापड वीतभर खोल पुरायचं, ओल राखायची, चाळीस दिवसांनी उकरायचं. डोळ्यांना न दिसणारे अगणित जीव मातीत असतात. पालापाचोळा, शेणखत कुजवून पिकाच्या तोंडी देणं हे त्यांचं काम. सूतही ते खातात. कापडाची जाळी झाली तर रान कामाचं, कापड धड निघालं तर समजून जायचं. त्यावरून तात्या यंदा पीक कसं येईल ते सांगायचे, आणि बहुतेक वेळा ते बरोबर यायचं.

एकदा कृषी महाविद्यालयाची तेजश्री नावाची मुलगी मातीचे नमुने न्यायला आली होती. चिमूटभर मातीत हजारो जातींचे जीव निघतात आणि आता त्यांची नावंही कळतात, असं तिनं सांगितलं. मग कोणतं रान पिकेल तेही कळत असेल, असं तात्यांनी विचारलं. तिनं प्रामाणिकपणे नकारार्थी मान हलवली. नावं कळतात, पण सगळे मिळून काय करतील ते अजून खात्रीनं सांगता येत नाही, म्हणाली.

"यादीवरून गाव कळत न्हाई, ताई," तात्या म्हणाले. "कामाला कोण येतंय ते बघावं लागतंय."

तिनं ते वहीत लिहून घेतलं. तात्या आठवडाभर खुशीत होते.

यंदा सुग्रीव आणि त्याची बायको अंजना त्यांच्याकडे आले. त्यांचा डोंगराकडचा एक तुकडा दोन वर्षं नीट पिकला नव्हता, म्हणून यंदा पडीक ठेवला होता. वीटभट्टीवाला वरची माती मागत होता. दसऱ्यानंतर जेसीबी लावतो म्हणाला होता. आमच्याकडे दीड-दोन फुटांखाली मुरूमच लागतो. ती माती गेली की पुढं कितीतरी वर्षं तिथं कुसळही उगवायचं नाही. सुग्रीवला देऊन टाकायची होती, अंजनाला नको होती. शेवटी तात्या सांगतील तसं करायचं ठरलं.

आषाढात तात्यांनी चार कोपऱ्यांत चार तुकडे पुरले. चाळीस दिवसांनी चारही निघाले ते जसेच्या तसे. नुसते मळलेले. तात्यांनी एकेक तुकडा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, ह्या मातीत काही राहिलं नाही. सुग्रीवनं बांधावरूनच भट्टीवाल्याला होकार कळवला. अंजना ओले तुकडे हातात घेऊन तशीच उभी होती.

आठवड्यानं छबुबाईंनी, म्हणजे तात्यांच्या मंडळींनी, त्याच धोतराची उरलेली चिंधी घेऊन चुलीवरचं पातेलं उतरवलं. चिंधी आक्रसून बोटांना चिकटली. त्यांची हाक ऐकून मी धावले. बोटं पाण्यात बुडवून त्या बसल्या होत्या आणि तात्या चिंधीचा एक दोरा ओढून पेटत्या काडीवर धरत होते. सुताची राख होते. ह्या दोऱ्याची काळी, टणक गाठ झाली. सुनेनं बाजारातून आणलेलं ते धोतर, चुरगळत नाही म्हणून घेतलेलं. निम्मं प्लास्टिकच ते, मातीतले जीव त्याला काय खाणार?

"पंचवीस वर्षं कापडं पुरली," छबुबाई म्हणाल्या, "अन् सूत कोणतं ते कळंना व्हय?"

तात्यांनी टोपी घातली आणि तसेच निघाले. सुग्रीव पारावर चारचौघांत बसला होता. बाजूला बोलावता आलं असतं, पण तात्यांनी सगळ्यांसमोरच सांगितलं.

"तुमीच म्हणलात मेली," सुग्रीव म्हणाला. "आता जिती झाली व्हय?"

"माती कावून मरंल? माझं धोतर खोटं निघालं."

लोक हसले. एकानं तात्यांना नेसल्या धोतराचीही खात्री करून घ्या म्हटलं. तात्या हसू संपेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "चूक माझी हाय. दसऱ्यापत्तूर थांब."

या वेळी कापड अंजनानं दिलं, तिच्या सासूच्या जुन्या सुती लुगड्याचं. तुकडे तिनंच पुरले. पाऊस उघडला तेव्हा घागरीनं पाणीही तिनंच घातलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही चौघं रानात गेलो. पहिल्या कोपऱ्यात काठाचे धागे तेवढे हाताला लागले. दुसऱ्यात जाळी, तिसऱ्यातही जाळी. चौथा तुकडा मात्र बराचसा धड निघाला. तिथं सुग्रीव दरवर्षी तुराट्या, पऱ्हाट्या, म्हणजे तूर-कपाशीच्या वाळल्या काड्या, पेटवायचा. तात्यांनी तो तुकडाही झटकून बाकीच्यांशेजारी मांडला.

सुग्रीव चारही तुकड्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, तीन कोपरे ठेवू, हा चौथा भट्टीला देऊ. भट्टीवाल्याला दिलेला शब्दही राहील.

अंजना खाली बसून खड्डा बुजवत होती. वर न बघता म्हणाली, "दुखणाईत माणसाला कुणी घराभाईर काढतंय का? शेणखत घालू. जाळायचं तेवढं बंद करा."

सुग्रीवनं तात्यांकडे पाहिलं.

"दोन-तीन वर्षं लागतील," तात्या म्हणाले. "आन् येईलच म्हणून मी आता सांगत न्हाई."

सुग्रीव थोडा लांब गेला आणि त्यानं भट्टीवाल्याला फोन लावला. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. सुग्रीव "हाव, हाव" म्हणत राहिला, आणि शेवटी म्हणाला, जेसीबी पाठवू नका, आम्ही हरभरा पेरतोय.