नवऱ्याचं नाव घेतलं नाही म्हणून काम अडलं

सुनंदाबाईंना अजून कामावर घेणार नाहीत. त्या समुपदेशनाला सहकार्य करत नाहीत, असं नांदगाव पेठेतल्या त्यांच्या कापड कारखान्याच्या व्यवस्थापकांनी आज दुपारी मला सांगितलं. बाईंना विचारूनच हे लिहितोय.

मागच्या महिन्यात याच कारखान्यात त्यांचा नवरा त्यांच्या डोळ्यांदेखत यंत्रात सापडून गेला. आता घरातला मिक्सर सुरू झाला तरी त्या उठून बाहेर जातात. पण घर आता त्यांच्याच कामावर चालतं.

परत घेण्याआधी कारखान्यानं समुपदेशन घ्यायला लावलंय; आजच्या सत्राला शेजारी म्हणून मी सोबत गेलो होतो. बाहेरगावहून आलेल्या समुपदेशक मॅडम म्हणाल्या, "त्यांचं नाव घ्या आणि म्हणा, ते आता नाहीत."

"सोनीचे बाबा..." बाईंनी लेकीच्या नावानं सुरुवात केली.

"नाव घ्या, ताई."

"ते होते तवा कदी नाव नाही घेतलं, मॅडम. आता काहून घेऊ?"

मॅडम पुन्हा तेच म्हणाल्या, तशी सोबतची जाऊ कडाडली, "मंग उखाणाच घ्याले लावा ना तिले!"

"या वास्तव नाकारताहेत," म्हणत मॅडमनी सत्र गुंडाळलं.

परतताना ऑटोत, घरी भातकुलीला पोचेपर्यंत, बाई 'सोनीच्या बाबां'बद्दलच बोलत होत्या. रडल्या, एकदा हसल्यासुद्धा. मॅडमनी "सोनीचे बाबा कसे होते?" एवढंच विचारायला हवं होतं. ज्यांना इथली रीत माहीत नाही आणि ती विचारायचीही नाही, त्यांनी इथल्या जखमांना हात लावू नये.

उद्या शेवटचं सत्र आहे. मॅडम पुन्हा नाव विचारणार, बाई पुन्हा 'सोनीचे बाबा'च म्हणणार, आणि काम जाणार.

तुमच्या आजीनं कधी आजोबांचं नाव घेतलं होतं?