खो देणारी पोरगी

"मॅडम, हिचे पॉइंट शून्य. शून्यवालीले टीममध्ये कसं घेऊ?"

उमेश सरांनी पेनाला टोपण लावलं. म्हणजे विषय संपला. वर्ध्याच्या मैदानावर जिल्ह्याच्या मुलींच्या खो-खो संघाची निवड चालली होती. शेवटची एकच जागा उरली होती. तिच्यासाठी झगडणारी वडनेरची वैष्णवी कडुलिंबाखाली तळपायाची माती झाडत उभी होती आणि आमच्याकडे न बघितल्यासारखं बघत होती.

मी रिटायर्ड पीटी टीचर. सेलूच्या शाळेत शिट्टी वाजवण्यात जन्म गेला. निवड समितीत एक म्हातारी ठेवतात, शोभेला. उमेश माझाच विद्यार्थी. त्याला 'सर' म्हणताना मला अजून हसू येतं.

ज्यांनी खो-खो फक्त चॅनल बदलताना पाहिलाय, त्यांच्यासाठी थोडं सांगते. आठ जणी एका रांगेत उकिडव्या बसतात. एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. नववी पाठलाग करते, तिला आम्ही चेसर म्हणतो. पळणारी रांगेतून वाटेल तशी आरपार जाते. चेसरला तसं जाता येत नाही, मागेही वळता येत नाही. मग ती काय करते? बसलेलीच्या पाठीवर हात ठेवून 'खो' म्हणते. ती उठून धावते आणि ही तिच्या जागी गुपचूप बसते. गडी बाद झाला की पॉइंट, ज्याचा हात लागला त्याचा. खो देणारीचा हात लागतो तो आपल्याच माणसाच्या पाठीला. त्याचा पॉइंट नसतो.

सकाळीच वैष्णवी माझ्यापाशी आली होती. "मॅडम, यंदा नाव नाई लागलं तं बाबा म्हणते, ग्राउंड बंद."

मी तिला कानमंत्र दिला. "आज खो देऊ नको. आपलाच हात लाव. थोडी मतलबी हो."

"हो मॅडम," म्हणाली आणि मैदानात जाऊन नेमकं उलट केलं. पळणारी अगदी हाताशी आली, की हिचा खो साक्षीला. साक्षी म्हणजे आमची वीज. उठली, झेपावली, गडी बाद. टाळ्या साक्षीला. वैष्णवी खाली बसलेली.

डाव संपल्यावर मी तिला बोलावलं. "काऊन गं? काय सांगितलं होतं तुले?"

"साक्षी जवळ होती नं, मॅडम. मी गेली असती तं पोरगी सुटली असती."

बस्स. एवढंच. जसं काही मी विचारलं होतं, पाणी खाली का वाहतं.

आणि मला कुसुम आठवली.

शाळेत असताना मी साक्षी होते. लाल रिबिनी, कानात वारं. मी पळते म्हणून पृथ्वी फिरते, अशी माझी पक्की समजूत होती. पेपरात फोटो आला तेव्हा मी तो गल्लीभर फिरवला. म्हशीला तेवढा दाखवायचा राहिला. फोटोत माझ्या मागे एक कोपर दिसतं. ते कुसुमचं. सगळा डाव मला खो तिनेच दिले होते. त्या खेळावर मला नोकरी लागली. कुसुमला कारंज्याला दिली. नागपूर-अमरावती एसटीने जाताना दरवेळी वाटायचं, उतरावं. पुढच्या वेळी उतरू म्हणायचे. मग एकदा तिकडून निरोपच आला आणि उतरायला कारण उरलं नाही. पण मैदानावर उभी राहिले की माझी पाठ अजून वाट पाहते.

तर मी उमेशला म्हटलं, "अजून एक डाव लाव. टीम तीच, साक्षी तीच. फक्त वैष्णवी बाहेर, तिच्या जागी दुसरी."

"मॅडम, मेरिट म्हणजे मेरिट असते. ऊन किती झालं पाहा."

"अरे, मेरिटच पाहून राह्यली मी. लाव."

लावला. साक्षी तशीच पळाली, जीव तोडून. पण खो तिला मिळायचा तो पळणारी निघून गेल्यावर. दोनदा तर ती खो येईल म्हणून नुसतीच कान टवकारून बसली. शेवटी गुडघ्यावर हात ठेवून वाकली आणि ओरडली, "सर, वैष्णवीले आत घ्या नं! माह्या पाठीशी वेळेवर कोनी येतच नाई!"

उमेशने माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

"वर विचारलं तं काय सांगू, मॅडम?"

"सांग, म्हातारी ऐकतच नव्हती."

त्याने पेनाचं टोपण काढलं.

नाव वाचलं तेव्हा वैष्णवी आधी साक्षीकडे धावली, मग फोनकडे. "बाबा, लागलं!" एवढंच बोलली आणि रडायला लागली.

पोरी चपला शोधत होत्या, तेव्हा मी हळूच जाऊन रांगेच्या जागी उकिडवी बसले. गुडघे कुरकुरले. मी म्हटलं, "वैष्णवी, एक खो दे बरं मले."

"मॅडम, पडसान तुम्ही!"

"दे तं."

ती मागून आली. पाठीवर तळहात पडला, गरम, मातीने खरखरीत. "खो!"

क्षणभर मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर वैष्णवी दिसली असती.

इतकी वर्षं मी पोरींना शिकवलं की गुण असावा, मेहनत करावी, माणूस पुढे जातो. खोटं नाही ते. पण कोणीतरी वेळेवर पाठीवर हात ठेवून स्वतः खाली बसतं, तेव्हाच कोणीतरी उठून पुढे जातं. आणि माझ्या वयात तर तेवढ्यानंही भागत नाही. वैष्णवी आणि साक्षी, दोघींनी दोन्ही दंड धरून उठवलं मला.