अप्पा आणि कच्च्या फाइली

अप्पांच्या स्टुडिओत हसायला बंदी होती. वडवणीतलं एखादं नवं जोडपं स्टुलावर बसून ओठ ताणायला लागलं, की अप्पा कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढायचे. "हसू नका. हसल्यावर समदेच सारखे दिसतेत." जोडपं दचकायचं आणि अप्पा तेवढ्यात बटण दाबायचे. त्यामुळे आमच्या तालुक्यातल्या एका अख्ख्या पिढीचे नवरा-नवरी फोटोत नुकतीच वाईट बातमी ऐकल्यासारखे दिसतात. ओळखू मात्र येतात.

माझा टायपिंगचा क्लास त्यांच्या शेजारच्या गाळ्यात होता. वडवणी तालुका होऊन चार-पाच वर्षं झालेली, त्यामुळे अर्जांना आणि दाखल्यांना तोटा नव्हता. माझ्याकडे दोन कॉम्प्युटर होते आणि त्यातला एक चालायचा. अप्पा साठीचे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, धोतर परीटघडीचं. मी त्यांच्या मुलीपेक्षा लहान, तरी ते मला 'मॅडम'च म्हणायचे. कॉम्प्युटरला 'डबा' म्हणायचे.

अप्पांनी आयुष्यात एकही निगेटिव्ह फेकली नव्हती. मागच्या खोलीत पत्र्याच्या पेट्या होत्या, पेटीवर गावाचं नाव. माणसांची नावं लिहिलेली नव्हती. "नावं कशाला? माणूस गावाला सोडून कुठं जातंय?" असं ते म्हणायचे. त्यांची स्वतःची मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली होती, पण हे मी त्यांना कधी दाखवून दिलं नाही.

त्या मुलीच्या नवऱ्यानेच त्यांना वापरलेला डिजिटल कॅमेरा आणून दिला. सोबत खोका नाही, सीडी नाही, माहितीचं पुस्तक नाही. अप्पांनी एकच विचारलं, "सगळ्यात चांगला फोटो कशावर निघतो?" जावई म्हणाला, "रॉवर, म्हणजे कच्च्या फाइलीत. पण तुम्ही त्याच्या नादी लागू नका." अप्पांनी पहिलं वाक्य ऐकलं. दुसरं जावयाचं म्हणून सोडून दिलं. मी त्यांना म्हटलं, जरा आधी तपासून तरी घ्या. ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला दोन नंबरचा माल कावून द्यायचा?"

उमापूरचं एक लग्न त्यांनी अख्खंच्या अख्खं रॉमध्ये काढलं. कार्डात दीडशे फोटो मावले. ते माझ्या कॉम्प्युटरला लावले, तर दीडशे पांढरे कागद दिसले. कशावरही क्लिक केलं तरी डबा सांगायचा, ही फाइल मला ओळखू येत नाही. अप्पा बीडला एका लॅबमध्ये गेले. तिथल्या माणसाने फाइली खराब आहेत म्हणून सांगितलं आणि कार्ड पुसून द्यायला हात पुढे केला. अप्पांनी कार्ड कनवटीला लावलं आणि पुढच्या एसटीने परत आले. नवरीकडच्यांना त्यांनी निरोप धाडला, "फोटो हायेत. निघत न्हाईत." एवढा खरा निरोप त्या धंद्यात कुणी देत नाही.

लग्नाला पंधरा दिवसही झाले नव्हते आणि नवरीची आई शेतात साप चावून गेली.

नवरी, सुनीता तिचं नाव, नवऱ्याला घेऊन आली. आईचा एकही फोटो घरात नव्हता. होता तो मतदान ओळखपत्रावरचा, त्यात नुसतं कुंकू ओळखू येत होतं. बीडमध्ये एकाने तोच चेहरा पैठणी नेसलेल्या तयार बाईच्या धडावर बसवून दिला होता. तो माणूस पुरुषांसाठी कोट-टायचं धडही ठेवायचा. सुनीताने ते चित्र माझ्या टेबलावर पालथं ठेवलं. "ही माझी आई न्हाई," ती म्हणाली. "अप्पा, लग्नात एक तरी निघाला असंल की."

ती गेल्यावर अप्पांनी कार्ड बाहेर काढलं. मग म्हणाले, "त्या बाईनं मला वाढलं होतं, मॅडम. 'फोटोवाले दादा, आदी जेवा,' म्हणली. मी म्हणलं, मंडपात चला, तुमचा एक काढतो. म्हणली, माझा कशाला, पोरीचा काढा. अन मी गेलो की निघून." एवढं सांगून त्यांनी कार्ड माझ्यापुढे ठेवलं. "हे उघडायचं हाय."

मी औरंगाबादच्या मैत्रिणीला फोन लावला. ती म्हणाली, खराब काही नाही, तुझं फोटोचं सॉफ्टवेअर जुनं आहे. कच्च्या फाइली वाचणारी एक जोडफाइल मिळते, ती त्यात टाक. तेवढ्यासाठी आम्ही बीडच्या इंटरनेटच्या दुकानात तीन चकरा मारल्या. दोनदा फाइल अर्ध्याच्या पुढे उतरली आणि लाइट गेली. अप्पा दर वेळी दुकानदाराला नमस्कार करून निघायचे, जणू त्याच्याच घरची अडचण होती. तिसऱ्यांदा ती पूर्ण उतरली. सीडीवर घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट होती. पहिला पांढरा कागद उघडला आणि त्यात नवरदेव निघाला, पिवळट आणि मरगळलेला. मला भलताच आनंद झाला. अप्पा म्हणाले, "ह्याला काय झालंय?"

मी त्यांना बाजूच्या सरकत्या पट्ट्या दाखवल्या. ही उजेडाची, ही निळ्या-पिवळ्याची, ही सावलीची. सगळं आपल्या मनासारखं करायचं आणि मग नेहमीच्या फोटोत बदलून ठेवायचं. मूळ फाइल तशीच राहते. अप्पांनी खुर्ची पुढे ओढली. "म्हंजे हा उसाचा रस हाय. गूळ आपल्याला करायचा हाय," ते म्हणाले. त्यानंतर माउस माझ्या हातात होता, एवढंच. बाकी सगळं तेच करत होते.

आम्ही एकेक फोटो पाहत गेलो. आई कशातच नव्हती. अक्षतांच्या वेळचा एक फोटो आला: पुढे उजेडात करवल्या, मागे मंडपाच्या कनातीपलीकडे काळंकुट्ट. मी पुढे जाणार, तर अप्पा म्हणाले, "थांबा. तिथं कोणतरी हाय."

"अप्पा, तिथे काळं आहे नुसतं."

"चाळीस वर्षं अंधाऱ्या खोलीत काम केलंय. रिकामा अंधार कोणता ते कळतंय मला. उजेड द्या. सावकाश... अजून. आता निळं कमी करा."

आधी चुलीचा लाल डाग दिसला. मग पदराचा काठ. मग कनातीच्या फटीत एक चेहरा. हातात वरणाचा डाव तसाच धरून बाई मुलीकडे बघत होती. चेहऱ्यावर वाळू सांडल्यासारखे ठिपके होते. मी ते पुसायला निघाले. "ऱ्हाऊ द्या," अप्पा म्हणाले, "ठिपके पुसताना नाक पुसून जाईल." मग त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. बराच वेळ पुसला.

सुनीता आली तेव्हा फोटो कागदावर निघालेला होता. ती बसली नाही. उभ्याने बघत राहिली. शेवटी हळूच म्हणाली, "मला वाटलं, आई अक्षता बघायला आलीच न्हाई. मी रुसले होते तिच्यावर. सासरी गेल्यावर फोनवर धड बोलले पण न्हाई."

"आलती," अप्पा म्हणाले.

ती माझ्या टायपिंगच्या टेबलावर डोकं टेकून रडली. तिच्या नवऱ्याला काय करावं सुचेना, म्हणून तो फोटोकडे वळला. "अप्पा, तेवढा डाव काढून टाका की. अन मागं एखादा देव लावा."

"डाव ऱ्हाईल," अप्पा म्हणाले.

त्यानंतर अप्पा रोज अकराला माझ्याकडे यायला लागले. मी त्यांना फाइली उघडायला शिकवलं आणि त्यांनी मला फोटो बघायला शिकवलं. दोनेक वर्षांत माझा टायपिंगचा क्लास बंद पडला आणि फोटोचं काम वाढलं. ते पुढे बीडला आणलं, अजून करते.

अप्पांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. उशिरा कळलं. स्टुडिओ बंद करून ते पुण्याला मुलीकडे गेले. मी एकदा लॅपटॉप घेऊन भेटायला गेले, तर भिंतीला हात लावत बाहेर आले. नेहमीसारखे 'या मॅडम' म्हणाले आणि काय अडलंय ते विचारलं. अडलं होतं खरं. एका म्हाताऱ्याचा बांधावरचा फोटो होता, पाठीमागे ऊन.

"किती वाजता काढलाय?"

"पाचच्या सुमारास."

"माणूस काळा का गोरा? टोपी हाय का?" मी सांगत गेले. त्यांनी डोळे मिटून विचार केला, मग उजेड किती, निळं किती, ते सांगितलं. मी पट्ट्या सरकवल्या. म्हाताऱ्याचा चेहरा जरा जास्तच उजळ झाला. अप्पांचा अंदाज चुकलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

"जमलं का?" त्यांनी विचारलं.

"जमलं, अप्पा."

ते समाधानाने मागे रेलून बसले आणि मुलीला चहा टाकायला सांगितला. फोटो मी तसाच छापला. गिऱ्हाइकाने काही म्हटलं नाही.